त्वचेवरचं लाल-निळं जाळं: ट्यूब मागण्याआधी एवढं करा

औषधाच्या दुकानात काउंटरमागे दिवसाचे दहा तास उभं राहून मला अठरा वर्षं झाली. त्यामुळे या विषयाशी माझा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. पलीकडून कुणीतरी ओढणी बाजूला करून गाल दाखवतं आणि विचारतं, "ताई, या लाल रेघा कसल्या उमटल्यात? यावर एखादी ट्यूब द्या ना." आणि अलीकडे, माझ्या डाव्या गुडघ्यामागे, जांभळ्या रेघांचं जाळं पसरलंय, पावसाळ्यात माळावर ओहोळ फुटावेत तसं. गंमत अशी की माझ्या पायावरच्या जाळ्याला कुठलीही ट्यूब लागू पडत नाही, आणि पलीकडच्या गालावरचं जाळं बरेचदा ट्यूबनंच आणलेलं असतं.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नव्हे. पण डॉक्टरकडे जाण्याआधी घरी काय बघायचं, सोबत काय न्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं मी सांगू शकते.

आधी, हे आहे तरी काय

त्वचेच्या वरच्या थरालगत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. एरवी त्या दिसत नाहीत. त्यांतल्या काही कायमच्या रुंदावल्या की लाल, जांभळ्या किंवा निळ्या रेघा दिसू लागतात. डॉक्टर याला टेलँजिएक्टेसिया म्हणतात, बोलण्यात स्पायडर व्हेन्स. यांची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असते. एक ते तीन मिलिमीटरच्या, जरा खोलवरच्या हिरवट-निळ्या शिरा म्हणजे रेटिक्युलर व्हेन्स, आणि त्याहून जाड, दोरीसारख्या वर आलेल्या त्या व्हेरिकोज व्हेन्स. मोजपट्टी घेऊन बसू नका. बोट फिरवल्यावर हाताला काहीच लागत नसेल तर ती बहुधा बारीक जातीतली.

लोक म्हणतात "नस फुटली". ती फुटलेली नसते. रक्त आतच वाहत असतं, फक्त वाट रुंद झालेली असते. हा फरक लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

पहिली पायरी: उजेडात बघा आणि फोटो काढा

ट्यूबलाइटखाली आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवरची लाली नीट कळत नाही. ती तपकिरी डागासारखी दिसते, आणि मग माणूस वांग समजून भलतंच काहीतरी चोळत बसतो. सकाळी खिडकीपाशी उभं राहा. मोबाइलचा चेहरा उजळवणारा मोड बंद करा. शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळेला पुन्हा काढा. "वाढतंय असं वाटतं" यापेक्षा हे दोन फोटो डॉक्टरांच्या जास्त कामाचे.

दुसरी पायरी: काचेचा ग्लास टेकवा

घरातला साधा, बिननक्षीचा काचेचा ग्लास घ्या. त्याची बाजू त्या रेघेवर जरा जोर देऊन दाबा आणि काचेतून बघा. दवाखान्यात हेच काचपट्टीने करतात.

दाबल्यावर रेघ फिकी पडली आणि सोडल्यावर पुन्हा भरली, तर ती रक्तवाहिनी आहे. आज घाई नाही.

काहीच फरक पडला नाही, ठिपका तसाच लाल-जांभळा राहिला, तर रक्त वाहिनीबाहेर, त्वचेखाली आलेलं असू शकतं. टाचणीच्या टोकाएवढे असे ठिपके पायांवर, पोटावर उठलेत, अंगात ताप आहे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, आणि बाहेर पावसाळा चालू आहे, तर हा लेख इथेच सोडा आणि दवाखाना गाठा. डेंग्यूमध्ये प्लेटलेट उतरल्यावर असे ठिपके येतात. ताप नसला तरी असे ठिपके एकाएकी आले तर त्याच दिवशी दाखवा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा.

तिसरा प्रकार मधलाच. छाती-पोटावर लालभडक, गुळगुळीत, किंचित वर आलेले लाल तीळ. तिशीनंतर बऱ्याच जणांना येतात. काचेखाली ते कधीकधी पुरते फिके पडत नाहीत, तरी निरुपद्रवी असतात. आमच्याकडे लोक त्यांना मस समजून दोरा बांधतात किंवा चुना लावतात. नका करू. रक्त थांबत नाही म्हणून मग माझ्याचकडे धावत येतात.

आणि चौथा, ज्याला खरं तर कोळी म्हणावं असा. मधोमध लाल टिंब आणि त्यातून चहूबाजूंना पाय फुटल्यासारख्या बारीक रेघा. पेनाच्या बोथट टोकाने फक्त मधलं टिंब दाबा. सगळे पाय नाहीसे होतात, आणि सोडलं की मधून बाहेर पुन्हा भरत जातात. याला स्पायडर अँजिओमा म्हणतात. मधलं टिंब ही छोटी धमनी असते. पायावरच्या जाळ्याशी याचा संबंध नाही, नावात स्पायडर असलं तरी. याची जागा चेहरा, मान, छातीचा वरचा भाग आणि हात.

तिसरी पायरी: जागा कोणती, त्यावरून कारण शोधा

पाय. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्यामागे, घोट्याजवळ. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा करतात. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटरी हलत नाही आणि दाब मागे साठतो. आईला असेल तर मुलीला येण्याची शक्यता जास्त. बाळंतपणं, वजन, हार्मोनच्या गोळ्या हे त्यात भर घालतात. शिक्षिका, कंडक्टर, केशकर्तनकार, ट्रॅफिक पोलीस, साडीच्या दुकानातल्या मुली, पोळ्या लाटणाऱ्या मावशी आणि आम्ही दुकानदार, सगळे याच गटातले. बहुतेकांना नुसतं दिसतं, दुखत नाही. पण घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखं दाट निळं जाळं, संध्याकाळी सूज, पाय जड होणं, रात्री पोटरीत गोळे, घोट्याभोवती त्वचा काळवंडणं किंवा खाज, यांतलं काही असेल तर आतली मोठी शीर बिघडलेली असू शकते. ते दाखवायलाच हवं. एकच पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, गरम लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. चोळायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

छाती, मान, हात. वर सांगितलेला कोळी एखाद-दुसरा असेल तर काळजीचं कारण नाही. निरोगी माणसांत, लहान मुलांतसुद्धा दिसतो. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्याने येतो आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुधा आपोआप जातो. पण एखाद्या पुरुषाच्या छातीवर असे पाच-सात दिसले, तळवे लाल असतील, दारू रोजची असेल किंवा कधी कावीळ होऊन गेली असेल, तर त्वचेची नव्हे, यकृताची तपासणी आधी. असे गिऱ्हाईक आमच्याकडे लिव्हर टॉनिकची बाटली मागायला येतात. मी त्यांना आधी रक्त तपासायला सांगते: यकृताच्या चाचण्या, हिपॅटायटिस बी आणि सी.

ओठ, जीभ, बोटांची टोकं. इथे लाल ठिपके, आणि लहानपणापासून घोळणा फुटायची सवय, आणि घरात आणखी कुणाला तेच, असं त्रिकूट जुळलं तर आनुवंशिक आजाराची शंका घेतात. त्याचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर एचएचटी म्हणतात; साधारण पाच हजारांत एकाला असतो. फुप्फुस, मेंदू, यकृत यांतही अशा वाहिन्या असू शकतात म्हणून वेळेवर कळलेलं बरं. आणि चेहऱ्यावर-हातांवर चपटे लाल चट्टे, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, बोटांची कातडी ताठ होणं, हे एकत्र असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे.

चेहरा. नाकाच्या बाजूला आणि गालांवर. उन्हाचा मारा आणि वय यांमुळे येतं. काहींना रोझेशिया असतो: ऊन, चुलीची धग, गरम चहा, झणझणीत रस्सा, दारू यांनी चेहरा लालबुंद होऊन आग होते, पुळ्या येतात, आणि हळूहळू रेघा कायमच्या बसतात. सावळ्या चेहऱ्यावर हा ओळखायला उशीर होतो. पण आमच्या तालुक्यात चेहऱ्यावरच्या जाळ्याचं मी पाहिलेलं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. त्याला स्वतंत्र पायरी द्यावी लागेल.

चौथी पायरी: घरातल्या सगळ्या ट्यूब टेबलावर आणा

शब्दशः आणा. आरशामागची, पर्समधली, वहिनीने दिलेली, पार्लरमधून आणलेली, सलूनवाल्याने दाढीनंतर लावायला दिलेली, बिननावाच्या डबीतली. चष्मा लावा आणि घटकांची बारीक अक्षरं वाचा. यांतलं काही दिसतंय का: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन. हे सगळे स्टेरॉइड आहेत.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. इसब, सोरायसिस यांत तेच तारतं, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिवसांपुरतं. वांगासाठी डॉक्टर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन यांचं मिश्रण काही आठवड्यांपुरतं देतात. घोटाळा तिथून सुरू होतो. तीन आठवड्यांत डाग उजळतो, चेहरा चकचकीत दिसतो, चिठ्ठी संपते आणि ट्यूब चालूच राहते. मग बहीण लावते, मग लग्न ठरलेली मावसबहीण लावते, "गोरं व्हायची ट्यूब" म्हणून. मुलं मांडीतल्या गजकर्णावर आणलेली तीच ट्यूब मुरमांवर लावतात.

महिनोन्‌महिने लावल्यावर काय होतं ते सांगते. स्टेरॉइडने त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, घटतं, कातडी पातळ होते आणि खालच्या रक्तवाहिन्या काचेतून दिसाव्यात तशा दिसू लागतात. त्या रुंदावतातही. सोबत पुळ्या, गालावर लव, कुठे पांढुरके डाग. उन्हात गेलं की चटके. आणि सगळ्यात फसवी गोष्ट: ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसांत चेहरा लाल होऊन आग-आग होते, लावली की शांत होतो. माणसाला वाटतं, बघा, ट्यूबशिवाय चेहरा बिघडतो! प्रत्यक्षात चेहऱ्याला ट्यूबची सवय लागलेली असते. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा.

२०१८मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी, तिच्यातली पळवाट बंद करून स्टेरॉइडची १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. खोक्यावर डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि आरएक्स अशी खूण असेल तर ते चिठ्ठीचं औषध. त्याआधी मीही चिठ्ठी न बघता अशा ट्यूब दिल्या आहेत. सगळेच देत होते, हे काही कारण होत नाही. आजही कुठे मागितली की मिळते, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही.

स्टेरॉइड सापडलं तर काय करायचं? नवीन ट्यूब आणायची नाही. वर दुसरं घरगुती काही लावायचं नाही. लिंबू, बेकिंग सोडा, व्हिनेगर, टूथपेस्ट यांनी पातळ झालेली कातडी भाजते. ब्लीच, स्क्रब, वाफ, फेशियल सगळं बंद. आणि ती ट्यूब, तिचा फोटो नव्हे, पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यायची. किती दिवस लावली ते खरं सांगायचं. काहींना एकदम थांबवतात, काहींना सौम्य औषधावर आणून हळूहळू उतरवतात, आग कमी करायला वेगळी औषधं देतात. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. बहुतेक जण इथेच धीर सोडून परत माझ्या दुकानात येतात. पुढे महिन्यांनी कातडी सावरते, रेघा काही प्रमाणात फिकट होतात; उरलेल्यांचा विचार तेव्हा.

पाचवी पायरी: योग्य डॉक्टर, योग्य प्रश्न

चेहरा, छाती, हात यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. पाटीवर एमबीबीएसच्या पुढे एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल आहे का बघा. "स्किन क्लिनिक" ही पदवी नव्हे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते, गर्दी असते, पण तिथले डॉक्टर असे चेहरे रोज बघत असतात. सूज, जडपणा असलेल्या पायांसाठी व्हॅस्क्युलर सर्जन. जवळ नसतील तर जनरल सर्जन सुरुवात करून देतात. ते कलर डॉपलर सांगतील. पायाच्या शिरांची ही सोनोग्राफी बहुधा उभं करून करतात, सुई नाही, दुखत नाही. कागदावर सी१ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. शिरांच्या आजाराची सी० ते सी६ अशी मोजणी आहे; सी१ म्हणजे फक्त बारीक शिरा, सी६ म्हणजे उघडी जखम.

सहावी पायरी: काढायचं ठरवलं तर

न काढणं हाही पर्याय आहे. पायावरचं साधं जाळं आयुष्यभर राहिलं तरी काही बिघडत नाही.

पायासाठी मुख्य उपाय स्क्लेरोथेरपी. अगदी बारीक सुईने पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध वाहिनीत सोडतात. आतलं अस्तर चिकटतं आणि वाहिनी हळूहळू विरते. एका बैठकीत सगळं होत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. नंतर काही दिवस दाबाचे मोजे. टोचल्या जागी तपकिरी डाग राहू शकतो, आपल्या त्वचेवर जास्त, आणि तो जायला महिने लागतात. कधी आजूबाजूला आणखी बारीक लाल जाळी येते. म्हणून लग्नाच्या पंधरा दिवस आधी करू नका. गरोदरपणात करत नाहीत. पूर्वी गुठळी झाली असेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर न विचारता सांगा. आत मोठी शीर बिघडलेली असेल तर आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर वरचं जाळं परत येतं. आणि प्रवृत्ती मुळातच असल्याने नव्या शिरा पुढे येतच राहतात, हे पैसे भरण्याआधी ऐकून घ्या. निव्वळ दिसण्यासाठीच्या उपचारांचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही.

चेहऱ्यासाठी लेसर. इथे एक प्रश्न पाठ करून जा: "तुमचं यंत्र किती नॅनोमीटरचं?" म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किती. लेसरचा प्रकाश रक्तातल्या हिमोग्लोबिनने शोषून घ्यावा आणि वाहिनी आतून भाजावी, अशी ही युक्ती आहे. पण ५३२ किंवा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही शोषतं. गोऱ्या कातडीवर हे चालून जातं. आपल्या रंगावर तोच झटका भाजून काळा डाग ठेवू शकतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी याग नावाचा लेसर मेलॅनिनला कमी धरतो आणि खोल जातो, म्हणून सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित मानतात, तेही अनुभवी हातात. आधी कानापुढे छोट्या जागी चाचणी घ्यायला सांगा. उन्हात रापून आल्यावर लगेच करू नका. चाचणी न घेता "आजच सहा सिटिंगचं पॅकेज घ्या" म्हणणाऱ्याकडून उठून या.

शिरा घालवणारं मलम? अठरा वर्षांत कंपन्यांचे प्रतिनिधी बरीच ठेवून गेले. एकाही मलमाने रुंदावलेली वाहिनी नाहीशी झालेली मी पाहिली नाही.

रोजचं थोडं

चेहऱ्याला सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, पावसाळ्यातही. आणि साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. रोझेशिया असेल तर कशाने चेहरा लाल होतो त्याची नोंद ठेवा. एखाद्याला मिसळीने होतो, एखाद्याला नुसत्या गरम पाण्याच्या आंघोळीने.

दाबाचे मोजे घेताना माप द्या, अंदाजाने नेऊ नका. सकाळी पाय सुजण्याआधी घोट्याचा, पोटरीचा घेर मोजतात. मोजा अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी चढवायचा, रात्री काढायचा. मधुमेह असेल, चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर आधी पायाच्या धमन्या तपासून घ्या. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट मोजा घातक. मे महिन्यात कोकणात किंवा विदर्भात तो घालणं ही शिक्षाच आहे, हे मला मान्य आहे. निदान उभं राहायच्या तासांत तरी घाला.

एक गोष्ट मात्र माहीत हवी. घोट्याजवळची अशी शीर खरवडली गेली, दाढीचं ब्लेड लागलं, किंवा आंघोळीत कडक पापुद्रा निघाला, तर रक्त बघून छाती दडपेल इतकं येतं. उभं राहू नका. जमिनीवर आडवं व्हा, पाय भिंतीला लावून वर करा आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी पावडर भरायची नाही. थांबलं तरी दुसऱ्या दिवशी दाखवा. न थांबल्यास लगेच.

माझ्या गुडघ्यामागचं जाळं जिथल्या तिथे आहे. डॉपलर स्वच्छ आलं, कागदावर सी१. काउंटरखाली मी आता एक बुटकं स्टूल ठेवलंय, आलटून-पालटून एक पाय त्यावर असतो, आणि गिऱ्हाईक पैसे पाठवेपर्यंत टाचा वर-खाली करते. सर्व्हर गेला की चांगल्या वीस-पंचवीस होतात. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते दिवाळीची गर्दी संपल्यावर ठरवीन.